तीन रकान्यांतला माणूस

सामाजिक कराराच्या सिद्धान्ताची ओळख आपल्याकडे बहुतेकांना एका तक्त्यातून होते. तक्त्यात तीन रकाने असतात: हॉब्ज, लॉक आणि रूसो. पहिली ओळ मानवी स्वभावाची. हॉब्जचा माणूस स्वार्थी व भांडखोर, लॉकचा विवेकी व शांत, रूसोचा निष्पाप व भोळा. दुसरी ओळ निसर्गावस्थेची: युद्ध, सौहार्द, स्वर्ग. तिसरी ओळ करारातून काय निघाले याची: अनियंत्रित राजसत्ता, मर्यादित शासन, लोकांची सार्वभौम सत्ता. तक्ता पाठ व्हायला दहा मिनिटे लागतात आणि तो जन्मभर डोक्यातून जात नाही.

मी प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना रविवारी शिकवत असे, आणि हा तक्ता मी अकरा वर्षे फळ्यावर काढला. एका रविवारी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, करार आजोबांनी केला असेल तर तो नातवाला लागू होतो का?” मी म्हणालो, “हे परीक्षेला येत नाही.” वर्ग हसला, मीही हसलो. तास संपल्यावर चहाच्या टपरीवर तो बोलता बोलता म्हणाला, की त्याच्या घराण्याकडे गावचे महारकीचे वतन होते. मग माझ्या लक्षात आले, की त्याने परीक्षेचा प्रश्न विचारलाच नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी मूळ ग्रंथांकडे गेलो. इंग्रजी जेमतेम, फ्रेंच मुळीच नाही, त्यामुळे रूसो इंग्रजी भाषांतरातूनच वाचावा लागला. त्या वाचनाचा निष्कर्ष असा, की तक्त्यातली पहिली ओळ चुकीची आहे आणि ती चूक निरुपद्रवी नाही. हे तिघे ‘माणूस मुळात चांगला की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर देत नव्हते. माणसे कोणत्या परिस्थितीत एकमेकांशी कशी वागू लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. तक्त्याने परिस्थिती पुसून स्वभाव तेवढा ठेवला.

१

हॉब्जपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक अन्याय त्याच्यावर झाला आहे. त्याचा जन्म १५८८ चा. स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून येत असल्याच्या वार्तेने देश धास्तावलेला असताना तो जन्मला, आणि आपण व भीती जुळी भावंडे आहोत अशा अर्थाचा विनोद तो पुढे स्वतःवर करीत असे. १६४० मध्ये तो पॅरिसला निघून गेला. १६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली, १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाला. सत्ता कोसळल्यावर शेजारी शेजाऱ्याशी कसा वागतो, हे त्या पिढीने पुस्तकात वाचलेले नव्हते, पाहिलेले होते.

‘लेव्हायथन’चे तेरावे प्रकरण सावकाश वाचावे. त्याची सुरुवात मानवाच्या दुष्टपणाने होत नाही, समानतेने होते. सर्वांत दुबळा माणूसही कपटाने किंवा इतरांशी हातमिळवणी करून सर्वांत बलवानाला मारू शकतो, इतपत सारे समान आहेत. या समानतेतून समान आशा जन्मते आणि दोघांना एकच वस्तू हवी झाली की स्पर्धा सुरू होते. भांडणाची कारणे तो तीन सांगतो: स्पर्धा, अविश्वास आणि मानाची हाव. माझ्या मते यांतले मधले कारण कळीचे आहे. काही थोड्यांना दुसऱ्यांवर मात करण्यातच आनंद वाटतो. ते थोडे कोण, हे ओळखता येत नसल्यामुळे आपल्या भाकरीत समाधानी असलेल्यालाही आधी वार करणे शहाणपणाचे वाटू लागते. म्हणजे युद्धासाठी सगळे लांडगे असण्याची गरज नाही. लांडगा कोण हे न कळणे पुरेसे आहे.

हा माझा ओढूनताणून लावलेला अर्थ नाही. ‘नागरिकाविषयी’ या त्याच्या आधीच्या लॅटिन ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने हा आक्षेप स्वतःच घेऊन खोडून काढला आहे. माणसे स्वभावतः दुष्ट आहेत असे यातून निघत नाही. सज्जनांपेक्षा दुर्जन कमी असले, तरी ओळखता येत नाहीत म्हणून सावध राहावे लागते, असे त्याचे म्हणणे आहे. माणूस माणसासाठी लांडगा असतो, हे वचन त्याच्या नावावर खपवले जाते. वचन मुळात रोमन नाटककार प्लॉटसकडून आलेले. शिवाय हॉब्जने त्याच ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत ते वापरले ते जोडीने: माणूस माणसासाठी देवासारखाही असतो आणि लांडग्यासारखाही. एका राज्यात नांदणारे नागरिक हे पहिल्याचे उदाहरण, एकमेकांवर रोखून उभी असलेली राज्ये हे दुसऱ्याचे. तेच माणूसपण, स्थिती वेगळी. तक्त्याने देव गाळला आणि लांडगा ठेवला.

याचा अर्थ हॉब्ज निर्दोष आहे असा नाही. भीतीपोटी केलेला करारही बंधनकारक असतो, असे तो स्पष्ट म्हणतो. जीव वाचवण्यासाठी दरोडेखोराला कबूल केलेली खंडणीसुद्धा, कायदा आड येत नसेल तर, द्यावी लागते. दुबळ्याच्या मानेवर सुरी ठेवून घेतलेल्या होकाराला हा विचारवंत होकारच मानतो. त्याचे खरे वैगुण्य इथे आहे, मानवाविषयीच्या निराशेत नाही. मात्र एक दार त्याने उघडे ठेवले आहे: सत्ता जोवर रक्षण करते तोवरच आज्ञापालनाचे बंधन. रक्षण संपले की बंधनही संपले.

२

लॉकचा माणूस विवेकी, हे अर्धे खरे आहे. निसर्गावस्थेतही निसर्गनियम असतो आणि तो विवेकाने कळतो, असे लॉक मानतो. पण मग अशा सुखी अवस्थेतून बाहेर पडायचे कशाला? तक्त्याकडे याचे उत्तर नाही, लॉककडे आहे. त्या अवस्थेत प्रत्येक जण स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश असतो, आणि स्वतःच्या बाबतीत माणूस पक्षपाती होतोच. सर्वांना ठाऊक असलेला कायदा नाही, निष्पक्ष न्यायाधीश नाही, निवाडा अमलात आणणारे बळ नाही. म्हणजे विवेक असूनही भागत नाही. हॉब्जवरचा त्याचा टोलाही याच जातीचा आहे: रानमांजरे आणि कोल्हे यांच्या त्रासातून सुटण्यासाठी माणसे सिंहाच्या तोंडी जाण्यात सुरक्षितता मानतील, इतकी ती मूर्ख आहेत काय? राजाही माणूसच, त्यालाही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश करू नये, हे सांगण्यासाठी त्याला माणसाच्या चांगुलपणाचा आधार घ्यावा लागत नाही.

लॉकचे ‘दोन प्रबंध’ १६८९ च्या अखेरीस निनावी बाहेर पडले; मुखपृष्ठावर साल १६९० चे. १६८८ च्या राज्यक्रांतीचे समर्थन म्हणून ते लिहिले गेले, असे आपण शिकवतो. पीटर लॅस्लेट या अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिले, की त्यांचा मोठा भाग क्रांतीच्या कित्येक वर्षे आधी, १६८० च्या आसपास लिहिला गेला होता. झालेल्या बदलाचे समर्थन करणे वेगळे आणि न झालेल्या बदलाची मागणी करणे वेगळे. दुसऱ्यात मान धोक्यात असते.

पण त्याच ग्रंथात एक वाक्य असे आहे, की ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. श्रम ज्याचे त्याची वस्तू, हे सांगताना लॉक दाखला देतो: माझ्या घोड्याने खाल्लेले गवत आणि माझ्या नोकराने कापलेली ढेपळे, दोन्ही माझी. श्रमातून मालकी निर्माण होते असे सांगणाऱ्या विवेचनात नोकराचे श्रम घोड्याच्या पंक्तीला बसून मालकाच्या खात्यावर जमा होतात. हा लेखणीचा प्रमाद मानता येत नाही. गुलामांच्या व्यापारात असलेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने पैसे गुंतवले होते. गुलामांवर मालकाला संपूर्ण सत्ता देणारी कॅरोलायना वसाहतीची १६६९ ची घटना तयार करण्यातही त्याचा हात होता. ‘विवेकी व शांत’ या रकान्यात हे कुठे बसवणार?

३

रूसोच्या बाबतीत तक्त्याने दोन ग्रंथ एकत्र कालवले आहेत. १७५५ चा ‘विषमतेवरील प्रबंध’ आणि १७६२ चा ‘सामाजिक करार’ यांत सात वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींत दोन वेगळे करार आहेत.

पहिल्या ग्रंथातला आदिमानव ‘चांगला’ नाही. चांगले-वाईट म्हणायला लागणारे नातेसंबंधच त्याला नाहीत. तो एकटा हिंडतो. त्याच्यापाशी दोन गोष्टी आहेत: स्वतःला जपण्याची ओढ आणि दुसऱ्याचे दुःख पाहून होणारी कालवाकालव. पुढे माणसे शेजारी राहू लागली, एकमेकांकडे पाहू लागली, कोण अधिक सुंदर गातो, कोण अधिक चांगला नाचतो याची तुलना सुरू झाली आणि स्वतःला जपण्याच्या ओढीतून दुसऱ्याच्या डोळ्यांत मोठे दिसण्याची हाव तयार झाली. हॉब्जवर त्याचा आक्षेप नेमका हा, की समाजात तयार झालेले विकार त्याने निसर्गातल्या माणसाच्या अंगावर चढवले. ‘उदात्त रानटी’ हा शब्दप्रयोग रूसोचा म्हणून सांगतात. इंग्रजीत तो त्याच्या जन्माआधीच्या ड्रायडनच्या नाटकात आहे. आणि जंगलात परत चला, असे रूसो म्हणालाच नाही. परतीची वाट बंद आहे, हे त्याने त्याच प्रबंधाच्या टिपांत सांगून टाकले. व्हॉल्तेअरने मात्र पुस्तक वाचून चार पायांवर चालावेसे वाटते अशी टवाळी केली आणि लोकांच्या लक्षात ती राहिली.

पण या प्रबंधातली खरी जळजळीत गोष्ट पुढे आहे. जमिनी वाटल्या गेल्या, काहींकडे पुष्कळ आणि बाकीच्यांकडे काहीच नाही, अशी अवस्था आली. तेव्हा श्रीमंतांनी गरिबांना सांगितले: या, आपण सर्वांच्या रक्षणासाठी कायदे करू. गरिबांना ते पटले. स्वातंत्र्य पक्के होईल अशा समजुतीने ते आपल्याच बेड्यांकडे धावले. रूसोच्या लेखी इतिहासातला सामाजिक करार तो हाच, म्हणजे एक फसवणूक. १७६२ च्या ग्रंथातला करार हा त्यावरचा उतारा आहे: करार न्याय्य व्हायचा असेल तर तो कसा असावा लागेल? तक्ता ‘रूसो म्हणजे करार’ असे सांगतो. कराराचा सर्वांत कठोर टीकाकारही तोच आहे, हे सांगत नाही.

४

स्वभाव आणि राज्यसंस्था यांचा हा विचार युरोपनेच प्रथम केला असे नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राज्याच्या उत्पत्तीच्या दोन कथा सांगतो. एका कथेत आरंभी राजा नव्हता, दंड नव्हता, लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत. पुढे मोह आणि लोभ शिरला. दुसऱ्या कथेत राजाविना लोक पाण्यातल्या माशांसारखे एकमेकांना गिळत होते. त्यांनी आपसांत नियम केले, ते टिकले नाहीत, म्हणून त्यांनी मनूला राजा होण्याची विनंती केली. मनू आधी नकार देतो, कारण खोटे वागणाऱ्यांवर राज्य करणे अवघड. मग लोक त्याला उत्पन्नाचा वाटा कबूल करतात. एकाच पर्वात, एकाच वक्त्याच्या तोंडी, तक्त्यातला पहिला आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी नांदतो.

दीघनिकायातल्या अग्गञ्ञसुत्तात गोष्ट आणखी पुढे जाते. तांदूळ आपोआप उगवत होता. सकाळी नेला की संध्याकाळपर्यंत पुन्हा पिकून तयार. एका आळशाने दोन वेळचा एकदम आणला, त्याचे पाहून इतरांनी साठा केला, मग भाताला कोंडा आला, कापलेले पुन्हा उगवेना, शेतांना बांध पडले, चोरी आली, खोटे आले, मारहाण आली. तेव्हा लोकांनी एकाला निवडून त्याला भाताचा वाटा ठरवून दिला. तो ‘महासम्मत’, पुष्कळांनी मान्य केलेला. बुद्ध ही कथा सांगतो ती ब्राह्मण कुळातून आलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना, आणि जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही हे पटवण्यासाठी. करारकथा कोण कोणाला कशासाठी सांगतो, हे पाहणे म्हणून महत्त्वाचे ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. मत्स्यन्यायाने त्रासलेल्या लोकांनी मनूला राजा केले, धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा भाग दिला, ही कथा तिथेही आहे. पण ती सांगतात राजाचे गुप्तहेर. तीर्थांवर, सभांत, जमावांत त्यांनी आपसांत लुटुपुटीचा वाद घालायचा, एकाने राजाला नावे ठेवायची, दुसऱ्याने ही कथा सांगून त्याचे तोंड बंद करायचे आणि ऐकणाऱ्यांच्या मनात कराविषयीची कुरकुर उरू द्यायची नाही. ‘माणसे अशीच असतात, म्हणून दंड हवा’ हे वाक्य तत्त्वज्ञानातून येते तसे हेरखात्यातूनही येऊ शकते, हे कौटिल्याला ठाऊक होते.

५

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आजोबांचा करार नातवाला लागू होतो का?

लॉक याला सरळ उत्तर देतो: बापाला आपल्या करारात मुलाला बांधता येत नाही, मूल सज्ञान झाले की ते बापाइतकेच स्वतंत्र. इथवर वाचून मला वाटले, उत्तर मिळाले. पण पुढेच लॉक एक अट जोडतो. बाप आपल्या जमिनीला अटी जोडू शकतो. मुलाला जमीन हवी असेल तर त्या अटी स्वीकाराव्या लागतील. नको असतील तर जमीन सोडावी आणि मोकळे व्हावे.

वतन म्हणजे नेमकी हीच रचना होती. थोडी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते आणि त्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा. कामाचे तास ठरलेले नाहीत, वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरायचे. लॉक म्हणेल, जमीन सोडा. पण ज्याला दुसरी जमीन मिळणार नाही आणि दुसरा धंदा जात करू देणार नाही, त्याने जमीन सोडून जायचे कुठे? डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या निबंधात हा आक्षेप घेतला होता. झोपेत जहाजावर चढवलेला माणूस जहाजावर राहतो, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणायचे का? उतरायचे तर समुद्रातच.

१९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराची इच्छा असेल तर त्याला सेवेतून मुक्त होता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, हा त्याचा एक मुख्य मुद्दा होता. लॉकच्या शेजारी ठेवून वाचले की या मागणीचे वजन कळते. लॉक म्हणतो: अट नको तर जमीन सोड. आंबेडकर म्हणतात: अट सुटेल, जमीन राहील, कारण जमिनीविना सुटका ही सुटका नव्हे. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. करारसिद्धान्ताच्या प्रवेशिकेत या विधेयकाला जागा नसते, ते दलित चळवळीच्या प्रकरणात जाते. माझ्या मते ते दोन्हीकडे असायला हवे.

आणि स्वभावाचे काय? वतनाचे समर्थन करणारे कधीच म्हणत नसत की आम्ही यांना भीतीने बांधले आहे. ते म्हणत, हे लोक असेच आहेत, यांना हेच जमते. परिस्थितीने घडवलेल्या वागण्याला स्वभाव म्हणायचे आणि मग त्या स्वभावाच्या आधारे परिस्थिती टिकवायची, हे चक्र रूसोने ओळखले होते. आपला तक्ता मात्र पहिल्याच ओळीत ते पुन्हा फिरवतो.

६

मग करारसिद्धान्त टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. इतिहास म्हणून तो कमकुवत आहे, हे ह्यूमने दाखवले. कॅरोल पेटमनने १९८८ मध्ये दाखवले, की करार करणारा ‘माणूस’ हा गुपचूप पुरुष होता आणि त्या करारामागे स्त्रियांना अंकित ठेवणारा दुसरा करार होता. चार्ल्स मिल्सने १९९७ मध्ये हेच वर्णाबद्दल दाखवले. तरीही या टीकाकारांनी वापरलेले हत्यार करारसिद्धान्तातलेच आहे: ज्याच्यावर सत्ता चालते त्याला विचारले होते काय? हा प्रश्न एकदा मान्य केला की तो कोणाच्या दारात थांबवता येत नाही. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये त्याला कसोटीचे रूप दिले: आपण कोणत्या घरात, कोणत्या स्थितीत जन्मणार हे ठाऊक नसताना आपण ही व्यवस्था मान्य केली असती का? अस्पृश्यतेला वा वतनाला या कसोटीवर उभे करायला मानवी स्वभावाचा कोणताच सिद्धान्त लागत नाही.

तक्त्याच्या बाजूने एक बोलले पाहिजे. नवख्याला काहीतरी धरायला लागते आणि तीन नावे तीन शब्दांत सांगणे हा गुन्हा नाही. माझी सूचना एवढीच, की पहिली ओळ बदलावी. ‘मानवी स्वभाव’च्या जागी ‘माणसे कशाने भांडू लागतात’ असे लिहावे: हॉब्जच्या खाली अविश्वास, लॉकच्या खाली स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश, रूसोच्या खाली मालमत्ता आणि तुलना. आणि शेवटी एक ओळ वाढवावी: ‘करारातून बाहेर पडता येते का? काय गमावून?’ ती ओळ भरताना विद्यार्थ्यांना मूळ ग्रंथ उघडावे लागतील.

मी शिकवणे थांबवले त्याला आता सहा वर्षे झाली. तो मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला आहे. मागच्या पाडव्याला त्याला फोन करून लॉकचे उत्तर आणि त्यातली जमिनीची अट सांगितली. तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “सर, आमची जमीन शेवटी राहिली. पण आजोबा ती कसायला कधी गेलेच नाहीत.” का, ते मी विचारले. त्यालाही माहीत नव्हते.